चौथी कॅसेट कोणी केव्हा पाहावी

गेल्या महिन्याची नऊ तारीख, शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा. व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर आम्ही तिघे होतो. लायब्ररीचे मालक नंदूभाऊ, आमच्या वीज ऑफिसातला एक तरुण लाइनमन आणि मी. एका कॅसेटचे एका दिवसाचे पाच रुपये मी काढून ठेवले होते. नंदूभाऊंनी नोट उचलली नाही. म्हणाले, "तुम्हाले माहीत नाही वाटते. रामटेके गेले. दुपारी दीड वाजता. इतवारीत मीटर पाहून राहिले होते, तिथंच बसले खाली." लाइनमन मान खाली घालून उभा होता. मी विचारलं, "वय किती होतं?" खरं तर ते मला माहीत होतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, सेहेचाळीस. पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

वामन रामटेके आमच्या वीज खात्यात मीटर रीडर होते आणि मी बिलांच्या तपासणीत. ते घरोघर जाऊन आकडे आणायचे, मी टेबलाशी बसून ते बरोबर आहेत का पाहायचो. बारा वर्षांत त्यांच्या आकड्यात मला तीन चुका सापडल्या. तिन्ही मी लेखी कळवल्या. त्याचा त्यांनी कधी राग धरला नाही. कॅन्टीनमध्ये दिसले की लांबूनच म्हणायचे, "या हिशेबवाले, आज कोणाचं बिल वाढवलं?" आमची खरी ओळख मात्र ऑफिसात झाली नाही. ती माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीसमोर झाली... आणि ती ओळख मला सुखाची झाली असं मी म्हणणार नाही.

माझी आई वारली त्यानंतर वडील बोलेनासे झाले. बाबा कन्हानच्या कोळसा खाणीत पस्तीस वर्षं हजेरीबाबू होते. दिवसाला चारशे माणसांची नावं हाक मारून घेतलेला हा माणूस आता दिवसभरात चार वाक्यं बोलेना. म्हणून मी सोसायटीचं कर्ज काढून व्हीसीआर घेतला. देवादिकांचे सिनेमे आणले, हिंदी सिनेमे आणले. बाबा दहा मिनिटं बसत आणि उठून अंगणात जात. दोन महिने असे गेले. मग एके दिवशी नंदूभाऊंकडे दुसरं काही शिल्लक नव्हतं म्हणून मी एक चिनी मालिका आणली. त्यांचा मेहुणा बोटीवर नोकरीला, तो सिंगापूरहून अशा मालिकांच्या पिशव्याच्या पिशव्या आणायचा. पडद्यावर खाली इंग्रजी पट्टी येई. मी ती वाचून बाबांना शब्दाशब्दाचं मराठी करून सांगत होतो. पंधरा मिनिटांत बाबा घोरू लागले.

त्याच वेळी रामटेके मीटर पाहायला आले. दारातूनच पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, ही काहून लावली? ही नवीन माणसानं पाह्याची नाही. हे तलवारीवालं हाय. आधी हे पाहिलं तर मंग घरातल्या गोष्टीची मालिका गोडच लागत नाही." मग आत येऊन बाबांना म्हणाले, "काका, तुमच्यासाठी लोणचेवाल्याची बरी. उद्या आणतो."

तेव्हा मला कळलं की आमच्या अख्ख्या भागात चिनी मालिका कोणी कोणती पाहावी हे रामटेके ठरवतात. मीटर पाहायला ते प्रत्येक घराच्या आत जात, त्यामुळे कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोणाचं नवीन लग्न झालंय, कुठे दोन जावा एकमेकींशी बोलत नाहीत, सगळं त्यांना ठाऊक. मालिकांची चिनी नावं कोणालाच येत नव्हती. रामटेकेंनी ठेवलेली नावंच चालायची. लोणचेवाल्याची, दोन जावांची, आंधळ्या वैद्याची. वैद्याची मालिका आजारी माणसाच्या घरी द्यायची नाही, असं त्यांनी नंदूभाऊंना बजावलं होतं. तलवारीच्या फक्त होस्टेलच्या पोरांना. नवीन पाहणाऱ्याला त्यांचं सांगणं एकच. "पहिली पंधरा मिनिटं खालची पट्टी वाचू नका. चहा कोण कोणाले देते आणि कोण दोन हातानं घेते, ते पाहा. घरात कोणाचं चालते ते समजते. मंग नावं समजली नाही तरी चालते." मला हे पटत नव्हतं. पट्टीवर स्पष्ट लिहिलेलं असताना अंदाज कशाला करायचा? मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला चिनीच का आवडतात. ते म्हणाले, "आपले भिक्खू पायी चालत गेले ना गा तिकडं. ज्याच्या घरी आपले लोक जाऊन राहिले, त्याचं घर पाहावं वाटते."

लोणचेवाल्याची मालिका आठ कॅसेटची. लोणच्याचं मोठं दुकान असलेल्या एका म्हाताऱ्याचं आपल्या मुलाशी भांडण होतं आणि मुलगा घर सोडून जातो. तिसऱ्या कॅसेटच्या शेवटी तो जातो. चौथ्या कॅसेटमध्ये तो परत येतो, म्हातारा त्याला पाहतो, त्याच्या हातून चहा घेतो आणि मरतो. पाचव्या कॅसेटमध्ये म्हातारा जिवंत, दुकानात बसलेला. आम्ही सगळे गोंधळलो. रामटेके शांतपणे म्हणाले, "काका, मागची कॅसेट म्हणजे म्हाताऱ्याले पडलेलं स्वप्न." बाबा हुंकारले. त्यानंतरच्या चार कॅसेट त्याच नजरेनं पाहिल्या गेल्या. मुलगा गावोगाव फिरतो, म्हातारा वाट पाहतो. शेवटी मुलगा आपल्या गावाच्या समोर नदीकाठी उभा आहे, पलीकडून नाव येते आहे... आणि कॅसेट संपते. बाबा मांडीवर हात मारून म्हणाले, "येईन गा तो. नाव येऊनच राहिली हाय!" आणि हसले. आईच्या मागे पहिल्यांदा.

त्या हसण्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. घर माझं, कर्ज माझं, बाप माझा, आणि हसवलं कोणी, तर मीटर रीडरनं! हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं लिहून रामटेकेंना काय मिळणार? ते दर रविवारी तीन वाजता यायचे. बाबा अडीचलाच तयार. त्यांची कवळी मी सदरमधल्या दातांच्या चिनी डॉक्टरांकडून करून आणली होती. ती ते माझ्यासमोर कधी लावत नसत, टोचते म्हणत. रविवारी मात्र लावून, केसांना तेल लावून बसत. मी पाहत राही. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही काहून तोंड पाडून बसता हो? बाबा बोलून राहिले, ते पाहा ना." मी म्हणालो, "बोलू दे ना. मी कुठे नाही म्हटलं?" ती हसली. तिला सगळं समजत होतं. बाबा आणि रामटेके शेजारी शेजारी बसून म्हाताऱ्याविषयी असे बोलत, जणू तो शेजारच्या गल्लीत राहतो. "आज दुकान उघडलं नाही त्यानं, काका." "पाय दुखत असन." यातलं एक अक्षर पट्टीवर नसे. मी दोनदा दुरुस्ती केली. दोघांनीही ऐकून घेतली आणि पुन्हा आपलं सुरू केलं.

बाबांना ती मालिका पुन्हा पाहायची होती. आठही कॅसेट घरी आल्या. लायब्ररीचे आकडे चिठ्ठीवर लिहून वरून चिकटवले होते. एका चिठ्ठीचा कोपरा सुटला, खाली एक आडवी रेघ दिसली. दुसरीखाली दोन रेघा, तिसरीखाली तीन. आकडे पाहण्यात माझं आयुष्य गेलेलं; हे चिनी आकडे असणार हे ओळखलं, पण चौथीपासूनचे वाचता येईनात. त्या दिवशी बाबांची कवळी घासून घ्यायला जायचं होतं, बाकीच्या पाचही कॅसेट मी पिशवीत घालून नेल्या. डॉक्टरांनी चष्मा वर केला, चौथी हातात घेतली आणि म्हणाले, "ये तो आठवाँ है, बाबूजी. ये तो आखरी है. आपने बीच में देख लिया?" आणि इतके हसले की खुर्चीतला पेशंटही हसू लागला.

मी तेव्हाच रामटेकेंना बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. मी रविवारची वाट पाहिली. बाबा, बायको, शेजारचे दोघं आणि रामटेके, असे सगळे बसल्यावर, चौथी कॅसेट लावायच्या वेळी, मी उभा राहून सगळं सांगितलं. रेघा दाखवल्या. म्हणालो, "स्वप्नबिप्न काही नाही. हा शेवट आहे. मुलगा खरोखर घरी येतो." मला वाटलं, ही तर चांगली बातमी.

रामटेकेंनी कप खाली ठेवला. "असन बाप्पा. तुम्ही आकड्यातले."

बाबा माझ्याकडे पाहत होते. "म्हणजे म्हातारा मेला?"

"हो, पण मुलगा येतो ना बाबा—"

"म्हातारा मेला," बाबा म्हणाले, उठले आणि आतल्या खोलीत गेले.

त्यानंतर रामटेके रविवारी आले नाहीत. महिन्याला मीटर पाहायला येत. मी बसा म्हणायचो, ते म्हणायचे, "आज लाइन मोठी हाय, भाऊ." अकरा दिवस मला जिंकल्यासारखं वाटलं. मी मोजले होते. मग बाबांनी टीव्हीसमोर बसणं सोडलं आणि माझं जिंकणं माझ्याजवळच राहिलं. पुढचे चार महिने मी कॅसेट आणत राहिलो, एकटाच पाहत राहिलो.

नऊ तारखेला घरी येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "जेवला होता का गा तो?" मला माहीत नव्हतं. उन्हातान्हात फिरणाऱ्या त्या माणसाबद्दल हा प्रश्न बारा वर्षांत माझ्या मनात आला नव्हता.

त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या विधीला गेलो. दोन खोल्या, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, भंतेजींचं वंदन झालेलं. मी त्यांच्या पत्नीला, शांताबाईंना म्हणालो की, रामटेकेंना मालिकांची फार आवड होती. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी कुठं टीव्ही हाय? लोकांच्या घरीच तं पाहत. रविवारी तुमच्याकडून आले की मले सगळं सांगत. काका काय म्हणाले, तेबी." मग आमच्याकडचे रविवार बंद झाल्यावर काय सांगत असतील, हे मी विचारलं नाही. बाहेर मांडवात तो लाइनमन भेटला. त्याचं गेल्याच वर्षी लग्न झालेलं. बोलता बोलता लोणचेवाल्याची गोष्ट निघाली. मी म्हणालो, "तिची चौथी कॅसेट चुकीची आहे." तो म्हणाला, "चुकीची नाही जी, नंबर चुकीचा हाय. रामटेके साहेबानं आम्हाले पहिलेच सांगितलं होतं, चौथी शेवटी लावा म्हणून."

मी तिथेच आणखी तीन घरांना विचारलं. दोघांना 'चौथी शेवटी' असं सांगितलेलं. तिसऱ्या घरी लकव्याने पडलेली आजी. तिथे चौथी चौथीच. तिथे ते स्वप्न.

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. मला वाटलं, ते चकित होतील. बाबा म्हणाले, "मले काय सांगून राहिला तू? चौथीत पोराचे केस पांढरे झालेले दिसत नव्हते का? पाचव्या कॅसेटीत काळे. माझे डोळे अजून शाबूत हायेत."

"मग तुम्ही बोलला काहून नाहीत?"

"काहून बोलू? तो माझ्यासाठी एवढं रचून सांगे. मंग मीबी त्याले रचून सांगू लागलो. मले समजलं हे त्यालेबी समजलं. दोघंबी गप." मग म्हणाले, "तुले आकडा सापडला, तू सांगून मोकळा झाला."

म्हणजे त्या खोलीत फक्त मला काही माहीत नव्हतं. पट्टी वाचणाऱ्याला. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे मला समजतं. पण मी तो केला, आणि आज हे लिहितानाही थोडा करतोच आहे. माझ्या बापाशी न बोलता बोलण्याची ती रीत त्यांच्याजवळ होती, माझ्याजवळ ती अठ्ठेचाळीस वर्षांत आली नाही.

मागच्या रविवारी मी नंदूभाऊंकडून एक नवीन चिनी मालिका आणली. रामटेकेंनी ती पाहिलेली नव्हती, म्हणून तिला अजून नाव नव्हतं. बाबांना बोलावलं नाही. नुसती लावली आणि आवाज थोडा मोठा केला. ते येऊन मागे बसले. एक बाई पहाटे कोळसे वेचत होती. पट्टीवर लिहिलं होतं की ती विधवा आहे. त्यानंतर पंधरा मिनिटं मी पट्टीकडे पाहिलं नाही. एका घरात तिला चहा मिळाला, तिने तो एका हाताने घेतला.

"हे कोण हाय गा?" बाबांनी विचारलं.

मी म्हणालो, "त्या घरची मोठी मुलगी असेल, बाबा. माहेरी आली आहे. पण कोणाला सांगायचं नाही तिला."

बाई चहा पिऊन गेली. मग मागून आवाज आला, "खोटं बोलून राहिला तू."

"हो."

"रामटेके बरा सांगे."

"हो, बाबा."

"मंग काहून आली ती माहेरी?"

मी सुचेल ते सांगत गेलो. त्यांनी दोनदा माझं खोडून काढलं, एकदा नुसतंच हुंकारले. कॅसेट संपल्यावर ती परत करायला मी पिशवीत घातली तर म्हणाले, राहू दे उद्यापर्यंत, ती बाई चहा घेते तेवढं एकदा पुन्हा पाहायचं आहे. दुसऱ्या दिवशी नंदूभाऊंना एक दिवसाच्या उशिराचे पाच रुपये जास्तीचे दिले.