तेलाचा फडका

रोस्विटा कोटहाउसला दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता. एक तेलकट फडका, आणि दुसरा तो खिशात घालून हिंडणारा, साचे कोरणारा एवाल्ड मास्टर. जर्मनीतल्या रेमशाइडमध्ये हत्यारं घडवणारा जो तो पोलादाला तेल चोपडतो, कारण तिथला पाऊस गंज चढवायला टपलेलाच असतो. पण रोस्विटाच्या भट्टीला तेल चालत नाही. हवा ओढून घेतलेल्या त्या पिंपात थोडा नायट्रोजन सोडायचा, विजेचा दाब द्यायचा, की पोलादाभोवती जांभळी आभा चढते आणि वायू वरच्या थरात मुरून तो टणक होतो. तेलाचा अंश राहिला, की ठिणग्या उडून खड्डे पडतात. हे तिनं मास्टरला सव्वीस वर्षांत किती वेळा सांगितलं असेल! नुसती तोंडाची वाफ.

"मास्टर, कोरडं आणा."

"कोटहाउसबाई, उघडं पोलाद मी रस्त्यानं नेत नसतो. माझ्या बापानं नेलं नाही."

"बापाच्या वेळी माझी भट्टी नव्हती."

"म्हणून तर सुखात मेला."

या खेपेला त्यानं पकडी घडवायचा साचा आणला होता. चार महिने खपून कोरलेला, आणि शेवटचा. मास्टरची नजर गेल्यातच जमा होती. सोमवारी साचा गिऱ्हाइकाच्या हाती पडला, की त्याच्या कारखान्याला कुलूप लागणार होतं. हा बिघडला तर दुसरा कोरणं त्याला या जन्मी जमलं नसतं.

रोस्विटानं हातमोजे घालून साचा तीनदा धुतला, सुकवला आणि स्वच्छ ताटात ठेवला. तेवढ्यात ऑफिसात फोन वाजला. ती परत येते तो मास्टर ताटापाशी उभा, हात पाठीमागे.

"हात लावला नाहीत ना?"

"बघत होतो."

ज्याला धड दिसत नाही तो काय बघणार, हे तिच्या डोक्यात यायला हवं होतं. ती साचा भट्टीत ठेवून मोकळी झाली.

तासाभरानं भट्टीच्या काचेतून पाहिलं तर जांभळ्या आभेत एक पांढरी ठिणगी. मग आणखी दोन. तिनं झटकन वीज तोडली.

"काय केलंत मास्टर?"

त्यानं खिशातून फडका काढला. "नागडं पडलं होतं हो. हात आपसूक गेला."

"सव्वीस वर्षं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्यात, त्यानं पोट भरलं नाही? आता स्वतःच्याच कामावर उठलात?"

मास्टरनं फडका घडी करून परत खिशात ठेवला. त्याचाच तिला जास्त राग आला. साचा निवेपर्यंत तो स्टुलावर मान खाली घालून बसून राहिला. दुपारी तिनं भिंगाखाली धरला. तीन बारीक खड्डे पडले होते.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"कडेला, बाहेरून. पकडीचा आकार उठतो त्या पोकळीत नाही."

"पोकळीत नाही ना?"

"नाही म्हटलं ना एकदा."

तिनं साचा पुन्हा पहिल्यापासून धुतला. मास्टरला पार पलीकडच्या भिंतीशी बसवून कॉफीचा मोठा मग दिला आणि बजावलं, "दोन्ही हातांनी धरायचा. भट्टीचं दार लागेपर्यंत खाली ठेवायचा नाही." कॉफी केव्हाच संपली, तरी त्यानं मग सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साचा बाहेर आला. सगळीकडून सारखा राखाडी, आणि इतका टणक, की कानस फिरवली तर नुसती सरकत होती. तिनं तसं सांगितलं. मास्टरचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"आता लावू?"

सव्वीस वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. भांडला असता तर बरं वाटलं असतं तिला.

"मला काय विचारता," ती खेकसली. "तुमचा साचा आहे. लावा की."

तो फडका फिरवू लागला तसा जड साचा टेबलावर सरकायला लागला. रोस्विटानं हातमोजे काढले आणि उघड्या हातांनी तो घट्ट धरून ठेवला.