नाला पार करून राह्यलो

उत्तर सरहद्दीवरच्या पोस्टवर आमच्या कंपनीचं पोस्टिंग आलं तेव्हा मी नाईक होतो. वय अठ्ठावीस. मला कशाचंच भय वाटत नाही, असं मी गाडीतच जाहीर करून टाकलं होतं.

पुरावा म्हणून माझ्याकडे एक साप होता. धामणगाव बढ्याला आमच्या कपाशीत मी लहानपणी तो मारला होता. ट्रान्झिट कॅम्पात मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो साधा दिवड होता. पोस्टवर पोचेपर्यंत त्याचा नाग झाला. बंकरच्या दारापुढे छातीएवढा बर्फ साचला तोवर तो नऊ फूट झाला होता, आणि सूड घ्यायला त्याची मादीही आली होती. त्या पोस्टवर हिवाळा सहा महिन्यांचा होता. सापाला वाढायला भरपूर वेळ मिळाला.

शिपाई रामेश्वर तेवढा हसायचा नाही. तो हिवरा आश्रमचा, मेहकर तालुक्यातला. माझ्याच जिल्ह्याचा, म्हणून मला 'वस्ताद' म्हणायचा, आणि त्या शब्दात आदर किती आणि थट्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझी गोष्ट संपली की तो विचारायचा, "वस्ताद, मंग ते दुसरा साप आला तवा तुम्ही पयाले नाई?"

"कायले पळू बे?"

"मी तं पयालो असतो."

रामेश्वरला सगळ्याचं भेव होतं. आमच्याकडे भीतीला भेव म्हणतात. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात उभं राहायचं, मग बर्फ वितळवून चहा, आणि चहाचा मग हातात आला की रामेश्वर त्या दिवसाचं भेव जाहीर करायचा. "आज मले त्या वरच्या कड्याचं भेव हाये." किंवा, "आज स्टोव्हचा आवाज बराबर नाई. मले भेव वाटून राह्यलं." अठरा माणसांची पोस्ट त्यावर रोज करमणूक करून घ्यायची. सगळ्यात पुढे लान्स नाईक सावंत, साताऱ्याकडचा, आडदांड, मोठ्यानं हसणारा.

"ह्याला फौजंत कुणी घेतला रं? घरी म्हशी राखायला ठेवायचा."

"म्हशीचंबी भेव हाये मले," रामेश्वर शांतपणे म्हणायचा.

तरी एक गोष्ट सांगतो. ज्या दिवशी त्यानं स्टोव्हबद्दल सांगितलं त्या दिवशी स्टोव्हची पिन खरंच खराब निघाली होती. आम्ही हसलो आणि विसरलो. पोस्टचे प्रमुख सुभेदार साहेब विसरले नाहीत. पुढे स्टोव्हची तपासणी त्यांनी रामेश्वरकडेच दिली.

आता बोलीची भानगड. आमच्या कंपनीत बहुतेक मराठी, पण मराठी दहा तऱ्हेची. एकदा लंगरमध्ये रामेश्वर ताटावर बसला होता. कुक कोल्हापूरचा. त्यानं विचारलं, "काय रं, जेवलास का?" रामेश्वर म्हणाला, "जेवून राह्यलो." कुकनं डाळीचं भांडं उचललं आणि निघून गेला. त्याच्या हिशेबी माणूस जेवला आणि स्वस्थ राहिला. आमच्या वऱ्हाडात 'जेवून राह्यलो' म्हणजे जेवण चालू आहे, घास तोंडात आहे. रामेश्वर कोरडा भात घेऊन बसून राहिला आणि पोस्ट हसून लोळली. सुभेदार साहेब शेवटी हसले. मग मिशी पुसून म्हणाले, "हे लंगरात ठीक आहे. वायरलेस सेटवर मात्र फक्त हिंदी. घरची बोली सेटवर ऐकली तर बघा."

ती ऑर्डर सगळ्यांना वाचून दाखवली गेली. माझी सही आहे तिच्यावर.

दर बुधवारी दोन पोस्टांना जोडणारं लिंक पेट्रोल निघायचं, म्हणजे गस्तीची तुकडी. वरच्या पोस्टवर बॅटऱ्या, टिनचं जेवण आणि टपाल पोचवायचं. वाटेत एक नाला होता. उन्हाळ्यात त्यात गुडघाभर पाणी, हिवाळ्यात वरपासून खालपर्यंत बर्फाचा उतार. रुंदी नव्वद पावलं. नियम एकच होता: उतारावर एका वेळी एकच माणूस. पहिला पलीकडच्या मोठ्या खडकापाशी पोचला, त्यानं सेटवर कळवलं, की दुसरा निघणार. दोन सेट, एक पुढे, एक मागे. प्रत्येकाच्या कमरेला लांब लाल दोरी. माणूस गाडला गेला तर दोरी वर राहते, ती धरून खणायचं.

त्या बुधवारी तिघं होतो. मी कमांडर, सावंत, रामेश्वर. चहाच्या वेळी रामेश्वर म्हणाला, "आज मले नाल्याचं भेव हाये. तीन दिवस बरफ पडला आन् काल ऊन."

सावंत म्हणाला, "चला, मुहूर्त निघाला."

मीही हसलो. खरं सांगायचं तर भेव मलाही वाटलं होतं. ऊन मीही पाहिलं होतं. पण नऊ फुटी नाग मारणाऱ्याला आपलं भेव सांगता येत नाही.

०८०० ला निघालो. ०८५० ला नाल्यावर पोचलो. धुकं होतं, वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. कमांडर म्हणून मी पहिला उतरलो. मागचा सेट सावंतकडे. रामेश्वर त्याच्या मागे, बुटाचा पट्टा आवळत.

मी पावलं मोजत होतो. बावन्नाव्या पावलाला पायाखाली आवाज झाला. रिकाम्या खोलीत धान्याचं पोतं टाकावं तसा. धप्प. बर्फ आतून बसल्याचा तो आवाज. ट्रेनिंगमध्ये आम्हाला तो सांगितला होता, मी ऐकला पहिल्यांदाच. मी जागच्या जागी थांबलो. 

सेट खरखरला. सावंत. "चार्ली टू, नाला पार हुआ क्या? ओव्हर."

उत्तर सोपं होतं. 'पार कर रहा हूँ.' मी दहा वर्षं हिंदीतून बोलत होतो, हिंदीतून शिव्या देत होतो. पण त्या वेळी हिंदी कुठे गेली कोण जाणे. तोंडातून आईची बोली आली.

"नाला पार करून राह्यलो. ओव्हर."

"रोजर. आउट."

माणसं मला आजही विचारतात, भीती वाटायची का? विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायचं असतं. मी पूर्वी 'नाही' म्हणायचो, आणि वर साप वाढायचो. आता सरळ सांगतो. भेव प्रत्येकाच्या अंगात असतं आणि प्रत्येकाकडून वेगळं काम करून घेतं. सावंतकडून घाई करून घ्यायचं. एकदाचा नाला संपवावा म्हणून तो नेहमी झपाझप चालायचा, आणि आम्हाला वाटायचं गडी बेडर आहे. माझं भेव मी दाबून ठेवलं होतं, ते जिभेत शिरलं. रामेश्वर तेवढा आपलं भेव सकाळी सहाला सगळ्यांसमोर मांडून मोकळा व्हायचा. मग दिवसभर त्याचे हात मोकळे असायचे.

मागच्या काठावर काय झालं ते सावंतनं मला नंतर हॉस्पिटलात सांगितलं. माझे शब्द सेटवर रामेश्वरनंही ऐकले होते. तो पट्टा सोडून उठला आणि सावंतच्या पाठीवरचा पिट्टू मागून धरला.

"थांब बे. वस्ताद मंधातच हाये अजून."

"पार झालो म्हणला की त्यो. भ्यालास व्हय?"

"मले तं भेव हायेच. पण तू थांब."

सावंतनं खांदा झटकला आणि उतारावर पाय टाकला.

०९०४. बर्फ माझ्या आणि सावंतच्या मधोमध, वरच्या बाजूला फुटला. मला फक्त एक पांढरी रेघ दिसली. पुढच्या क्षणी कडेच्या लोटानं मला उचलून नाल्यातल्या एका खडकावर आपटलं. थांबलो तेव्हा कमरेपर्यंत गाडलेला होतो. बर्फ बसला की सिमेंट होतो. पाय हलेनात. पण डोकं वर, हात वर, सेट छातीला.

बर्फाबरोबर आलेल्या वाऱ्यानं धुकं फाटलं. सावंत कुठे नव्हता. खाली पन्नास-साठ पावलांवर लाल दोरीचं टोक पडलं होतं.

मी पोस्टला कळवलं. या वेळी हिंदी आली. "एव्हलांच. एक आदमी दबा. ओव्हर."

सुभेदार साहेबांचा आवाज सपाट होता. "रेस्क्यू पार्टी निकल रही है. चालीस मिनट. स्लोप पर कोई नहीं जाएगा. आउट."

गाडला गेलेला माणूस पाव तासच तगतो, असं आम्हाला शिकवलं होतं. आणि आमच्या डोक्यावर अर्धा उतार अजून लटकत होता. रामेश्वर अलीकडच्या काठावर होता. पक्क्या जमिनीवर. त्याला तिथं उभं राहायचा हुकूम होता, मीच तो ओरडून पोचवला.

"रामेश्वर, हलू नको! ऑर्डर आहे!"

तो वर लटकलेल्या बर्फाकडे पाहत होता. मग त्यानं लाल दोरीकडे पाहिलं.

"वस्ताद!" तो ओरडला. "मले लय भेव वाटून राह्यलं!"

"म्हणून तर सांगतो, थांब!"

"हाव!" म्हणाला, म्हणजे 'हो', आणि उतरायला लागला.

पायाखाली पाहून, वर पाहून, एकेक पाऊल चाचपत. आणि दर चार पावलांना तेच ओरडत. "भेव वाटून राह्यलं, वस्ताद!" मी फौजेत वीस वर्षं काढली, बक्षीसपात्र बरीच कामं पाहिली. इतक्या स्पष्ट आवाजात भ्यालेला माणूस पाहिला नाही, आणि त्याच्या हातचं खणणंही पाहिलं नाही. दोरी धरून, छोट्या फावड्यानं, मग हातांनी. ०९१६ ला सावंतचं तोंड मोकळं झालं. रामेश्वरनं त्याच्या नाका-तोंडातला बर्फ बोटांनी काढला. सावंत खोकला. रामेश्वरनं आपली दोरी सोडून त्याच्या काखेखाली अडकवली आणि त्याला बाजूच्या कपारीत ओढलं. तिथं वरून काही आलं तरी लागणार नव्हतं. दोघांनाही जागा होती.

तो मात्र बाहेर आला आणि माझ्याकडे वळला.

"तिथंच थांब! मी ठीक आहे!"

"पाय अडकले हायेत ना तुमचे?"

"अडकू दे! मी खडकाशी आहे. तू कपारीत जा, हा हुकूम आहे!"

"या नाल्याचंच भेव हाये मले, वस्ताद. तुमाले इथं सोडलं तं रातभर झोप नाई येणार."

०९२१. उरलेला अर्धा उतार आला. मला खडकानं आडोसा दिला. कपारीतल्या सावंतला काही झालं नाही. रामेश्वर मधे होता.

रेस्क्यू पार्टी ०९४५ ला पोचली. बर्फावर रामेश्वरची दोरी दिसली नाही. ती त्यानं सावंतला ओढायला सोडून वापरली होती. तो आम्हाला १११० ला सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, सेटवर नेमके कोणते शब्द बोललास? मी सांगितले. चौकशी अधिकाऱ्यांनी लिहून घेतले, मग पेन थांबलं.

"म्हणजे पार झाला होतास."

"नाही साहेब. होत होतो."

 माझ्या रेकॉर्डवर लाल शाईची एंट्री झाली, म्हणजे शिक्षेची नोंद. ती बरोबर होती. त्यानंतर त्या नाल्यावर सेटवर एकच शब्द बोलायचा हुकूम निघाला: 'पार'. पोचल्याशिवाय तो उच्चारायचा नाही. हवालदार होऊन रिटायर होईपर्यंत मी नव्या पोरांकडून तो घोकून घेतला. आणि एक पद्धत माझी स्वतःची. पेट्रोलच्या आधी चहाच्या वेळी प्रत्येकानं त्या दिवसाचं भेव मोठ्यानं सांगायचं, कमांडरनं सगळ्यात आधी. कोणी हसलं तरी चालेल. लपवलं तर पेट्रोलला न्यायचं नाही. सावंतनं त्याच्या सेक्शनमध्ये हेच सुरू केलं. त्याच्यासारखा मोठ्यानं हसणारा माणूस पोरांसमोर "मला आज भ्या वाटतंय" म्हणतो हे ज्यांनी ऐकलं, ती पोरं आमच्यापेक्षा शहाणी झाली.

हिवरा आश्रमला मी लगेच गेलो नाही. सुट्टी मिळाली तरी टाळलं. दुसऱ्या वर्षी गेलो. गावात शिरतानाच बोर्ड लागला. रामेश्वरचा वर्दीतला फोटो, खाली मोठ्या अक्षरात 'निर्भय वीर जवान'. त्याचे वडील घरामागच्या वाफ्यात मेथी खुडत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. सेटवरचे माझे शब्द मी त्यांना आधी सांगितले. चूक माझी होती हे सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमी आपल्याच भागातले. भेव वाटल्यावर माणूस आपल्याच बोलीत बोलन ना."

 ते आणखी जवळ सरकले आणि आवाज खाली घेतला.

"एक इचारू का? खरं सांगसान?"

"विचारा, काका."

"साहेब लोकं आले, पुढारी आले. समदे म्हणाले, तो भेला नाई. अजिबात नाई. तुमी तं तिथं होते. त्याले भेव वाटलं होतं का नाई?"

वीरपित्याला काय सांगायचं असतं ते मला ठाऊक होतं. भाषण ठोकायला मी कुणाला हरलो नसतो.

"लय वाटलं होतं, काका," मी म्हणालो. "शेवटपर्यंत ओरडून सांगत होता. अन् ओरडत ओरडतच उतरला."

म्हाताऱ्याच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि आत हाक मारली.

"अवं, आयकलं का? हे पाहून आले. आपलाच होता तो!"