मामासाठी बदललेला नियम

रेश्मा माझ्या माडीवर भाड्याने राहते. तुडीलची पोर, महाडात बसून मुंबईच्या कंपनीचं काम करते. मास्तरकीच्या सवयीने मी तिला रोज टोमणे मारतो आणि ती मला रोज चहा देते. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तुडीलला तिची आई ठमाबाई एकटीच, आणि घर नदीला लागून. त्या एका धास्तीपोटी तिने सुट्टीच्या दिवशी बसून सावित्रीच्या पाण्याचा इशारा देणारा प्रोग्राम लिहिला. पुलाखालच्या यंत्रात पाणी हातभर चढलेलं दिसलं की दोनशे बारा घरांतले फोन मोठ्याने वाजायचे.

"प्रत्येक घराचा नियम वेगळा लिहिलास?" मी विचारलं होतं.

"छे हो सर. नियम सारखाच, मग दोनशे बारा वेळा कशाला? नियमाचं एकच ऑब्जेक्ट, म्हणजे एकच नोंद ठेवलीय, सगळी घरं त्यातच बघतात. त्यात काही बदललं की ते आपण होऊन सगळ्यांना कळवतं."

मला फार पटलं. वर्गात फळा एकच असतो, तसं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. एकाने फळा पुसला तर काय, हे विचारायला माझं काय जात होतं?

जुलैत उमरठहून तिच्या सोनबामामाचा फोन आला. "आमी डोंगरावर ऱ्हातो गो. हातभर पान्याला कशाला वाजवतेस? म्हशी बिथरतात. पुलाला पानी टेकलं की सांग, बास."

मामाचा शब्द कसा मोडायचा? तिने मामाच्या घराचं पान उघडलं आणि 'हातभर' खोडून 'पूल' केलं. लगेच तिच्या फोनवर बारीकशी सूचना आली: इशाऱ्याची पातळी बदलली. मामाचीच असेल म्हणून तिने ती बोटाने सरकवून टाकली. तीच सूचना दोनशे बारा घरांत गेली होती. पण वाचतंय कोण! लोकांना ठाऊक फक्त घंटी.

पुढे तीन दिवस पाऊस कोसळत राहिला आणि फोन गप्प. "नदी आवाक्यात आहे सर," ती म्हणायची, आणि मी मान डोलवायचो. चौथ्या दिवशी दुपारी बाजारपेठेत दुकानदार पोती माळ्यावर चढवायला लागले, तेव्हा मी तडक माडीवर गेलो.

"रेश्मा, तुझं यंत्र काय म्हणतं?"

तिने बघितलं. पाणी पाच हात चढलं होतं. पूल अजून दोन हात वर होता, पण तुडीलची खालची आळी पुलाच्या कितीतरी खाली. ती स्क्रीनवर एकेक घर उघडू लागली. मामाच्या घराला 'पूल'. शेजारच्या घराला 'पूल'. आईच्या घराला 'पूल'. पानं वेगळी दिसत होती, नियम सगळ्यांचा तोच एक होता. ती पांढरीफटक पडली.

नियम परत फिरवायला मिनिटही लागलं नाही. तिचा फोन मोठ्याने वाजू लागला, म्हणजे सगळ्या घरांत वाजला असणार. तिने आईला फोन लावून स्पीकर चालू केला. बराच वेळ नुसती रिंग. मग पाण्याचा आवाज, आणि ठमाबाई.

"वाजली गो, वाजली! आळी सगळी सकाळीच वर देवळात गेली. मला वढत व्हते. मी म्हनलं, माझ्या रेश्माची घंटी वाजल्याबिगर मी हालायची नाय. पानी खाटेला टेकलं हाय. आता उठू ना?"