चार्जरला बांधलेला आवाज

आगारातले सगळे त्यांना 'भोंगा' म्हणायचे आणि तेही ते नाव मिरवायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बस आगाराच्या कोंदट खोलीत माइकपुढे बसून गाड्या पुकारण्यात घालवली. निवृत्त झाले आणि गळ्याचं दुखणं उपटलं. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं, तेव्हा मुलगी लॅपटॉप घेऊन आली आणि ऑपरेशनच्या आधी रोज संध्याकाळी त्यांच्याकडून वाक्यामागून वाक्यं वाचून घेऊन रेकॉर्ड करत बसली. त्यामुळे आता भोंगाकाका टाइप करायचे आणि लॅपटॉप त्यांच्याच आवाजात बोलायचा. सर्दी झाल्यासारखा जरा बसका, पण त्यांचाच. भांडण तापलं की काकू सरळ झाकण लावायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता बोला."

एकदा शेजाऱ्याला दोन शब्द सुनावताना ऐन रंगात बॅटरी संपली. शेजारी हसत निघून गेला. काकांनी कानाला खडा लावला आणि तेव्हापासून चार्जर कधी काढलाच नाही. दिवस असो, रात्र असो, लॅपटॉप शंभर टक्के भरलेला, पलंगावरच्या जाड रजईवर, वायरीला बांधलेला. कुणाकडे गेले तरी ते आधी भिंतीवरचा प्लग शोधायचे, मग माणसांकडे बघायचे.

एके सकाळी झाकण नीट मिटेना. टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डुगडुगायला लागला आणि बोट फिरवायची पट्टी टम्म वर आलेली दिसली.

"वजन ठेवून बघू का? इस्त्री ठेवते," काकू म्हणाल्या.

काकांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लॅपटॉप बंद करून, प्लग काढून, तान्ह्या बाळाला न्यावं तसा धरून ते दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकान एका बाईंचं होतं. कपाळावर चढवलेला चष्मा त्यांनी खाली घेतला आणि एक नजर टाकली.

"बॅटरी फुगलीय. यावर काही दाबून तर ठेवलं नाही ना?"

"इस्त्री ठेवणार होते," काकू म्हणाल्या.

"वाचलात. फुटली असती तर पेटली असती."

काकांनी समोरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'माझा आवाज आत आहे.'

बाईंना आधी उलगडा होईना. काकूंनी सगळं सांगितलं, तेव्हा तो झाला. मग बाईंनी बॅटरी अलगद सोडवून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काका, आवाज डिस्कमध्ये असतो, बॅटरीत नाही. डिस्कला काही झालं नसावं. हा लॅपटॉप नुसत्या चार्जरवरही चालतो, बघू या."

पडदा उजळला. काकांनी एका बोटानं काही अक्षरं दाबली.

"ऐकू येतंय?" लॅपटॉप त्यांच्या बसक्या आवाजात म्हणाला.

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या बाजूच्या स्टुलावर मटकन बसल्या. "येतंय," त्या म्हणाल्या. "चांगलं येतंय."

नवी बॅटरी बसवता बसवता बाई सांगत होत्या, "सतत शंभरावर ठेवून आणि रजईवर तापवून तुम्हीच तिला म्हातारी केलीत. ऐंशीला चार्जिंग आपोआप थांबेल अशी सोय यात आहे, ती चालू करते. वीस-तीसवर आली की लावा, पार शून्यावर नेऊ नका. आणि ठेवायचा तो टेबलावर, खालून हवा लागू द्या."

"मध्येच संपली तर?" लॅपटॉपनं विचारलं.

"ऐंशीत निम्मा दिवस सहज निघेल. तुम्ही काय दिवसभर बोलता?"

"हो," काकू म्हणाल्या.

बाई हसल्या. निघताना त्यांनी आवाजाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दिली आणि दुसरी मुलीकडे ठेवायला सांगितली.

दुकानाबाहेर झाडाखाली बाक होता. काका त्यावर बसले आणि लॅपटॉप मांडीवर उघडला. चार्जर पिशवीतच राहू दिला. काकू शेजारी टेकल्या.

"मला वाटलं, आवाज पुन्हा गेला," त्या हळूच म्हणाल्या. "दवाखान्यातून आणल्यावर, लॅपटॉप बोलायला लागेपर्यंत घर कसं झालं होतं, आठवतंय? तुम्ही वैतागून ताट आपटायचात, तेवढाच काय तो आवाज."

काकांची बोटं कळांवर थबकली. मग त्यांनी टाइप करायला घेतलं आणि ते घडाघडा बोलत सुटले. आगारातल्या गमती, जावयाची नवी नोकरी, डाव्या गुडघ्याचं दुखणं, सगळं. समोरून जाणारी माणसं वळून बघत होती. काकू नुसत्या हुंकार देत ऐकत होत्या आणि त्या दिवशी त्यांनी झाकण लावलं नाही.