खालून वाचणारे सर

सर वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचे. लग्नपत्रिका हाती आली की वधूवरांची नावं सोडून आधी तळाशी स्थळ कुठलं ते पाहायचे. ऑफिसात पाठीमागे आम्ही त्यांना 'खालूनसर' म्हणायचो आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. प्रोग्राम अडकला की पडद्यावर इंग्रजी ओळींची रांगच उतरते. मी पहिल्याच ओळीला घाबरायचे. सर खुर्ची ओढून शेजारी बसत आणि म्हणत, "पोरी, खालून वाच. खरं कारण तळाशी बसलेलं असतं." बहुतेक वेळा ते तिथंच सापडायचं, आणि मला सरांचा फार राग यायचा.

आईच्या आजारपणामुळे पुण्याची नोकरी सोडून ते हिंगोलीजवळच्या पुसेगावला, आपल्या गावी परतले होते. हिंगोलीत एका दुकानावरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. जावा भाषेतला प्रोग्राम आणि नोंदी साठवणारा डेटाबेस यांच्यामध्ये दुभाष्यासारखं एक फ्रेमवर्क बसलेलं असतं. काही बिघडलं की आम्ही त्या बिचाऱ्याच्या नावानं खडे फोडायचो. सर मात्र आधी प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच लिहून ठेवलेलं काम, हातानं चालवून पाहायला लावत. ट्रान्झॅक्शन त्यांनी मला चहाच्या गाड्यावर एका वाक्यात शिकवलं. अर्धं लग्न लागत नाही, म्हणाले. एक तर सगळं होईल, नाहीतर काहीच नाही.

एका रक्तपेढीत आमचं सॉफ्टवेअर होतं. पिशवी दिली की दोन नोंदी व्हायच्या: साठ्यातून पिशवी कमी आणि रुग्णाच्या नावावर जमा. एका सकाळी दुसरी नोंद अडली. मग पहिलीही आपोआप रद्द व्हायला हवी होती, ती झाली नाही. पिशवी पडद्यावर दिसेना, म्हणून तिथल्या माणसानं त्या रुग्णाला दुसरी पिशवी देऊन वेळ निभावली. पहिली फ्रिजमध्येच राहिली आणि कॉम्प्युटरच्या लेखी ती गेलेली होती. दुपारी शिरड शहापूरचा एक तरुण बाळंतीण बायकोसाठी त्याच गटाचं रक्त मागायला आला. पडद्यावर शून्य होतं. त्याला नांदेडला पाठवलं. तो पिशवी घेऊन परतला तोवर बायको गेली होती.

संध्याकाळी फ्रिज आवरताना ती पिशवी सापडली आणि आम्हाला फोन आला. सरांनी प्रोसीजर उघडली. दोन नोंदींच्या मधोमध 'कमिट' लिहिलेलं होतं, म्हणजे इथवरचं पक्कं, आता माघार नाही. मग जावानं कितीही रद्द म्हटलं तरी उपयोग नव्हता. प्रोसीजर सरांनीच लिहिलेली. चाचणीपुरती टाकलेली ती ओळ काढायची राहून गेली होती. त्यांनी ती काढली.

कुणाला काही सांगायची गरज नाही, असं ऑफिसचे मालक म्हणाले. सरांनी ऐकलं नाही. तेरावं झाल्यावर ते शिरड शहापूरला निघाले, मी हट्टानं सोबत गेले. तरुणाची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी कमिटबिमिटचं नावही काढलं नाही.

"रक्त तिथंच होतं," ते त्या तरुणाला म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये दिसलं न्हाई. चूक माझी हाय."

तो अंगावर येईल असं मला वाटलं. पण त्यानं हळूच विचारलं, "मंग फ्रिज उघडून काहून न्हाई पाह्यलं कोणी?"

बाळ रडायला लागलं तेव्हा आम्ही उठलो.

त्यानंतर ते ऑफिसला आलेच नाहीत. आता घरची शेती पाहतात. इतका जीव लावून शिकवणारा माणूस आमच्यातून असा उठून गेला, याची हळहळ मला अजून वाटते. मागच्या महिन्यात मी पुसेगावला गेले होते. न राहवून म्हटलं, सर, एका ओळीची तर चूक, कुणाच्याही हातून झाली असती, परत या.

"ओळ तर त्याच दिवशी काढली, पोरी," ते म्हणाले. "त्या पोरानं फ्रिजचं विचारलं, त्याला काय सांगावं, ते अजून सापडून न्हाई राहिलं."