चार मशीनवर उघडलेला पत्ता

माझा थोरला भाऊ तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी मोसंबीची कलमं करायचा. मी जालन्यात, जमीन मोजणीच्या खात्यात. घरात काही घ्यायचं असलं की आधी मी पाहायचो. खताच्या गोणीचं वजन असो की पंपाची पावती, भाऊ एवढंच विचारायचा, "तू पाह्यलं ना? मंग बस." हे ऐकायला मला फार आवडायचं, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

मोसंबीचं कलम खरं की खोटं ते चार-पाच वर्षांनी, फळ धरल्यावर कळतं. म्हणून गिऱ्हाईक झाडाआधी माणूस पारखतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नलगोंड्याकडचा एक बागाईतदार आपल्या भावबंदांसाठी मिळून सहा हजार कलमं घ्यायला तयार झाला. त्याचा मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. बापाचा निरोप आला की तुमच्या झाडांचे फोटो, परवाना आणि जुन्या गिऱ्हाइकांची गावं इंटरनेटवर टाका. मुलगा पाहील, मग ट्रक पाठवतो. सहा हजार म्हणजे भावाचा त्या साली तयार असलेला जवळजवळ सगळा माल. पावसाळ्यात तो गेला नाही तर पिशवीत मुळ्या गुंडाळत जातात आणि पुढच्या वर्षी कोणी हात लावत नाही.

भावानं काम माझ्यावर सोपवलं. मी बाजारातल्या एका इंटरनेट कॅफेत गेलो. तिथला मालक वेबसाइट बनवून द्यायचा. रोपवाटिकेला आमच्या ग्रामदेवतेचं नाव होतं आणि त्या नावाचं डॉट कॉम कोणीतरी आधीच घेतलेलं निघालं. मालक म्हणाला, डॉट फार्म घ्या, नवीन निघालंय, हवं ते नाव मिळतं, शेतीवाल्याला शोभतंही. दोन वर्षांचे अठराशे रुपये. मी म्हणालो, उघडलेलं दिसेल तेव्हाच पैसे. वेबसाइट तयार झाल्यावर त्याच्या चारही मशीनवर मी स्वतः पत्ता टाइप केला. चारही ठिकाणी भावाची बाग दिसली. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा चारपैकी चार. पैसे दिले, पत्ता नलगोंड्याला कळवला आणि भावाला सांगितलं, बराबर आहे. त्यानं कलमांना बांधायच्या सहा हजार चिठ्ठ्यांवर तो पत्ता छापून घेतला.

निम्मा आषाढ गेला तरी ट्रक आले नाहीत. मग भावाला फोन आला. "तुम्हारा पता तो खुलताच नै. बच्चा बोलता, ऐसा पताच नै." मुलानं ऑफिसात पाहिलं होतं, घरी पाहिलं होतं. बागाईतदार रागावला नव्हता. जो पत्ता खोटा देतो त्याचं झाड आम्ही कसं खरं मानायचं, इतकंच त्यानं विचारलं आणि फोन ठेवला.

भाऊ पहिल्या एसटीनं जालन्याला आला. मी सांगितलं, चारही मशीनवर दोन-दोनदा पाहिलं होतं.

"कोणाच्या मशीनवर?"

"कॅफेवाल्याच्याच."

त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "आपल्या वाफ्यात गिऱ्हाईक आलं तर रोप कोण उचलतं?"

मला उत्तर ठाऊक होतं. आमच्याकडे गिऱ्हाईक मनाला येईल त्या ओळीतलं रोप स्वतः उचलतं, पिशवी फाडतं आणि मुळ्या पाहतं. मालकानं पुढे केलेलं रोप कोणी पाहतही नाही.

"इकणाऱ्यानं हातात देल्लं रोप पाहून आला तू," भाऊ म्हणाला. "दोन खेपा."

जे आधी करायला हवं होतं ते मी नंतर केलं. दोन दिवसांत सात कॅफे फिरलो, एकोणीस मशीनवर पत्ता टाइप केला. एकावरही उघडला नाही.

पत्ता विकणाऱ्या त्या कॅफेवाल्यानं लपवलं नाही, विचारल्यावर सरळ सांगितलं. इंटरनेटच्या पत्त्यांची एक मूळ यादी असते आणि जगातली मशीनं तिच्यावरूनच पत्ता शोधतात. डॉट फार्म तेव्हा त्या यादीत नव्हतंच. कोण्या कंपनीनं स्वतःची वेगळी यादी केली होती. ती वाचणारा छोटा प्रोग्राम ज्याच्या मशीनवर असेल त्यालाच आमची बाग दिसणार होती. त्यानं तो आपल्या चारही मशीनवर टाकून ठेवला होता.

"पार्टीला सांगा ना साहेब, प्रोग्राम फुकट हाय. टाकला की उघडतंय."

मी विचारलं, ही पार्टी फोनवर सापडेल, पण चिठ्ठीवरचा पत्ता टाइप करणाऱ्या अनोळखी माणसाला हे मी कुठं सांगू? तो म्हणाला, आज ना उद्या सगळे टाकतील. भावाच्या कलमांचे बारा वाफे आषाढात उभे होते आणि हा माणूस जग सुधारायची वाट पाहत होता.

मूळ यादीबाहेरचे असले पत्ते घ्यावेत का, असं मला अजून कोणी ना कोणी विचारतं. घेऊ नयेत. फुकट मिळाले तर मुळीच नाहीत, कारण फुकटचा पत्ताही माणूस चिठ्ठीवर छापतो. दुकानदाराच्या दुकानातच चालणारं नाणं कोणी खिशात घालून बाजाराला जात नाही.

कॅफेवाल्याशी बोलणं झालं त्याच संध्याकाळी, माझ्याकडेच थांबलेल्या भावाला घेऊन मी एसटीडी बूथमध्ये गेलो. नलगोंड्याला लावून माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं: चूक माझी, भावाला यातलं काही माहीत नव्हतं, झाडं अस्सल आहेत, येऊन कुठलंही उचलून पाहा. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सच बोले, अच्छा लगा. लेकिन दूसरे के पास से ले लिए, माल उतर गया भाई, परसोंच."

मी पुढच्या वर्षाचं विचारलं. तो म्हणाला, बाग काय दर साल लावतात? मी पुन्हा यादी, प्रोग्राम, चार मशीनं हे सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. तिकडून नुसतं "हां, हां" येत होतं. भाऊ बूथच्या दाराला टेकून मीटरकडे पाहत होता.

"ठेव आता," तो म्हणाला. "आकडे पळून राह्यले."