आम्ही तिघी आणि चेरीची बियर

बोरिवलीतल्या आमच्या इमारतीतून आम्ही तीन जोडपी मिळून युरोपला गेलो, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बँकेत नोकरीला होते. समोरच्या दारातली माझी मैत्रीण शाळेत इंग्रजी शिकवायची. तिसऱ्या म्हणजे वरच्या मजल्यावरच्या वहिनी. सगळी इमारत त्यांना 'वरच्या वहिनी' म्हणायची. वयाने आमच्याहून बऱ्याच मोठ्या, माहेर मालवणचं, गुडघे दुखरे आणि बोलणं सडेतोड. त्यांचे यजमान सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते फारसं बोलत नसत, आणि बोलले की विषय संपायचा.

टूरवाल्यांनी सोबत आपला स्वयंपाकी आणला होता, त्यामुळे लंडनलासुद्धा संध्याकाळी वरणभात मिळायचा. जेवणं झाली की पुरुष मंडळी पाय मोकळे करायला म्हणून निघायची आणि थेट पबमध्ये जाऊन बसायची. दादा घेतात, हे आम्हाला तिथेच कळलं. आम्ही तिघी हॉटेलच्या खोलीत चकल्या खात बसायचो. सकाळी न्याहारीला मग सगळं वर्णन ऐकायला मिळायचं. लंडनला म्हणे बियर कोमटच देतात. ॲमस्टरडॅमला ग्लासावरचा फेस सुरीने कापतात. आमचे हे तर हातात बटर लावायची सुरी घेऊन तो फेस कसा कापतात ते करून दाखवायचे. एकदा मैत्रिणीने विचारलं, लागते तरी कशी? तिचा नवरा म्हणाला, कडू असते, तुम्हाला नाही आवडणार. झालं. पुढे कोणी काही विचारलं नाही.

बेल्जियममध्ये ब्रूज नावाच्या गावी मुक्काम होता. जूनचा महिना, आठ वाजले तरी लख्ख ऊन. पुरुष गेले आणि वहिनी पायात कॅनव्हासचे बूट चढवत म्हणाल्या, "पाय काय फक्त त्यांनाच आहेत? चला."

नायलॉनच्या साड्या, वर स्वेटर, अशा आम्ही कालव्याच्या कडेने निघालो. जरा वेळाने वहिनींचे गुडघे कुरकुरायला लागले. त्यांना कुठेतरी टेकायचं होतं, आणि बाथरूमलाही जायचं होतं. समोर एक लहानसं दुकान दिसलं, खिडकीत फुलांच्या कुंड्या, आत लाकडी बाकं. आम्ही शिरलो. आत गेल्यावर कळलं की हा पब आहे. पण वहिनी एव्हाना बाथरूमकडे गेल्या होत्या. आता काही न मागवता उठायचं कसं? मालकीणबाई साठीच्या, अंगावर एप्रन, इंग्रजीचा गंध नाही. शेजारच्या टेबलावर एक आजोबा लाल रंगाचं काहीतरी पीत होते. मैत्रिणीने त्याकडे बोट दाखवलं आणि तीन बोटं वर केली.

वहिनी आल्या, बसल्या आणि तहानलेल्या असल्यामुळे त्यांनी पहिला मोठा घोट घेतला.

"ह्यां तर सोलाचां सरबत गो!" त्या म्हणाल्या. म्हणजे कोकमाचं सरबत. साखर तेवढी कमी पडलीय, असंही सांगितलं.

मीही चाखलं. आंबटगोड, थंडगार, खरंच कोकमाच्या जवळचं. तेवढ्यात मैत्रिणीने ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून वाचली आणि तिचा चेहरा पडला. ती चेरी घालून केलेली बियर होती. तिने हळूच तसं सांगितलं. वहिनींचा ग्लास अर्धा झाला होता. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, थोडा वेळ पाहिला, आणि उरलेलाही शांतपणे संपवला. त्यांनी संपवल्यावर आम्ही कशाला मागे राहतो?

मालकीणबाईंना आमची गंमत वाटली असावी. त्यांनी आपण होऊन लहान लहान ग्लासांत चव बघायला आणखी दोन प्रकार आणून ठेवले. एक पातळ ताकासारखी गढूळ पांढरी. वहिनींनी ती आधी हुंगली आणि ठामपणे म्हणाल्या, यात धणे आहेत. शेजारचे आजोबा थोडं इंग्रजी जाणत होते. मैत्रिणीने त्यांना विचारलं, तर ते खुशीत मान हलवून म्हणाले, धणे आहेत, आणि संत्र्याची सालही. दुसरी काळपट आणि कडक. ती मठातले साधू बनवतात असं आजोबांकडून कळल्यावर, साधूंच्या हातची दारू कशी प्यायची म्हणून वहिनींनी तो ग्लास माझ्याकडे सरकवला. मला मात्र तीच आवडली. गूळ जरा करपवल्यासारखी चव, आणि कानांच्या पाळ्या ऊन ऊन झाल्या. आम्ही विनाकारण हसत होतो, आणि फार बरं वाटत होतं.

इकडे पुरुष हॉटेलवर परतले, तर खोल्या रिकाम्या. घाबरून शोधायला निघाले आणि खिडकीतून त्यांना आमच्या साड्या दिसल्या. दोघे आत आले. आमचे हे ग्लास मोजायला लागले. दादा दारातच उभे.

"मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही," दादा म्हणाले.

"विचारलं होतंत कधी?" वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग बाकावर सरकून त्यांनी जागा केली. "बसा. ती पांढरी घ्या, पोटाला हलकी आहे."

दादा बसले. पांढरी मागवली. वहिनींनी त्यांना धणे ओळखायला लावले. त्यांना ओळखता येईनात, तेव्हा ते चक्क हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

तिथून पुढे आम्ही सहाही जण बरोबर जायला लागलो. जर्मनीतला तो घागरीएवढा बियरचा मग वहिनींना एका हाताने उचलेना, तेव्हा त्या आणि दादा दोघांनी मिळून तो संपवला.

परत आल्यावर एका शनिवारी आम्ही गोरेगावच्या एका परमिट रूममध्ये गेलो. फॅमिली सेक्शन म्हणजे पडदे लावलेला अंधारा कोपरा. वेटरने सगळ्या बाटल्या पुरुषांसमोर ठेवल्या आणि आम्हा तिघींना न विचारता लिंबू सोडा आणून दिला. आम्हाला तिथे करमेना. वहिनी म्हणाल्या, इथे कशाला, आपल्या घरी बसू की.

तसं महिन्यातून एकदा त्यांच्याकडे बसणं सुरू झालं. शेजारपाजारची चर्चा नको म्हणून बियर स्टीलच्या पेल्यांत. पहिल्याच बैठकीला वहिनींनी जाहीर करून टाकलं की सगळे बसणार तर मीही बसणार, मासे ज्याला हवेत त्याने तळावेत. मग दादांनी जन्मात पहिल्यांदा तवा हातात घेतला. रवा लावायला ते पटकन शिकले, मिठाचाही अंदाज आला. बोंबील मात्र उलटताना हटकून मोडायचे, आणि ते तुकडे स्वतःच्या ताटात घेऊन अख्खे राहिलेले ते आम्हाला वाढायचे.